श्रवण, वाचन आणि पुन्हा श्रवण

ग्रंथवाचन मागे पडत चालले आहे, तरुण पिढीच्या हाती पुस्तकाऐवजी मोबाईल आला आहे, आणि जे थोडेफार वाचत होते तेही आता कानात यंत्र घालून पुस्तके ‘ऐकू’ लागले आहेत, अशी खंत आपल्या सभासंमेलनांतून वारंवार व्यक्त होते. या खंतीमागील तळमळ खरी आहे. परंतु तिच्या मुळाशी असलेले गृहीतक मात्र तपासून पाहिले पाहिजे. छापील ग्रंथ एकट्याने, मनातल्या मनात वाचणे हेच ज्ञानग्रहणाचे मूळ व श्रेष्ठ रूप होय आणि ऐकणे हे त्याचे दुय्यम, आळशी रूप होय, असे ते गृहीतक आहे. बौद्ध परंपरेच्या इतिहासात त्याला आधार सापडत नाही. महाराष्ट्रातील बौद्ध समाजाच्या गेल्या शंभर वर्षांच्या इतिहासात तर मुळीच सापडत नाही.

पालि साहित्यात विद्वानाला ‘बहुस्सुत’ म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ ‘ज्याने पुष्कळ ऐकले आहे तो’. ‘पुष्कळ वाचलेला’ अशा अर्थाचा शब्द तेथे नाही, कारण भ. बुद्धांच्या काळी वाचायला ग्रंथच नव्हते. मात्र बहुस्सुत होण्यासाठी नुसते कानावर पडणे पुरेसे मानलेले नाही. निकायांत त्याच्या पायऱ्या सांगितल्या आहेत: प्रथम ऐकावे, ऐकलेले धारण करावे, वाणीने त्याचा परिपाठ करावा, मनाने त्याचे परीक्षण करावे आणि शेवटी सम्यक् दृष्टीने त्याचा वेध घ्यावा. श्रवण हा प्रारंभ आहे, शेवट नव्हे. पण प्रारंभ तोच आहे.

येथे एका गोष्टीची तुलना केल्यावाचून पुढे जाता येत नाही. गौतम धर्मसूत्रात शूद्राने वेद ऐकल्यास त्याच्या कानांत वितळलेले शिसे व लाख ओतावी, त्याने तो उच्चारल्यास जीभ छाटावी आणि धारण केल्यास शरीर छेदावे, असे दंड सांगितले आहेत. ऐकणे, उच्चारणे, धारण करणे! निकायांनी ज्या पहिल्या तीन पायऱ्या विद्वत्तेचे लक्षण म्हणून गौरविल्या, नेमक्या त्याच तीन कृती धर्मसूत्रकारांनी अपराध ठरविल्या. हे दंड प्रत्यक्षात किती वेळा दिले गेले हा स्वतंत्र प्रश्न आहे. विधान मात्र स्पष्ट आहे. ज्या समाजाच्या पूर्वजांना श्रवणाचाच अधिकार नाकारला गेला, त्या समाजाने श्रवणाला हलके लेखावे, हे मला तरी विसंगत वाटते.

संघात ग्रंथरक्षणाचे काम भाणकांकडे होते. दीघभाणक, मज्झिमभाणक, संयुत्तभाणक अशी त्यांची विभागणी अट्ठकथांतून आढळते. ही केवळ सिंहलद्वीपाची व्यवस्था होती असे समजण्याचे कारण नाही. कार्ले येथील चैत्यगृहातील एका स्तंभावर, तो स्तंभ सोपारा येथील धम्मुत्तरीय संप्रदायाच्या सातिमित नावाच्या भाणकाने दान दिल्याचा लेख आहे. सह्याद्रीच्या कुशीत, मुखोद्गत बुद्धवचन हीच ज्याची ओळख होती असा मनुष्य वावरत होता, याचा हा शिलाबद्ध पुरावा आहे. मराठवाड्याचा संबंधही याच परंपरेशी पोहोचतो. केदारखेडा ज्या तालुक्यात आहे ते भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत भोगवर्धनच्या रहिवाशांचा उल्लेख येतो आणि १९७३ साली नागपूर व मराठवाडा विद्यापीठांनी केलेल्या उत्खननात या नगराचे सातवाहनकालीन वैभव उजेडात आले. सुत्तनिपाताच्या पारायणवग्गात गोदातीरीच्या बावरीचे सोळा शिष्य पतिट्ठान, म्हणजे आजचे पैठण, मागे टाकून उत्तरेकडे निघतात ते भ. बुद्धांना प्रश्न विचारण्यासाठी. आपल्या प्रदेशाचे नाव पालि वाङ्मयात येते ते असे, प्रश्न विचारणाऱ्या श्रोत्यांच्या निमित्ताने. हा तपशील पुढे उपयोगी पडणार आहे.

लेखनकला आल्यानंतरही ऐकण्याचे महत्त्व कमी झाले नाही. सम्राट अशोकाचे शिलालेख आपण ‘वाचतो’. पण धौली व जौगड येथील स्वतंत्र लेखांत हा लेख तिष्य नक्षत्राच्या दिवशी ऐकवावा, मधल्या काळातही प्रसंगी एकट्याने का होईना तो ऐकावा, अशी सूचना आहे. दगडावर कोरलेला मजकूर हा प्रत्यक्षात सभेत वाचून दाखविण्याचा मजकूर होता. वैराट येथे सापडलेल्या भाब्रू लेखात अशोक सात धम्मपरियायांची नावे देतो आणि ते भिक्षू, भिक्षुणी, उपासक व उपासिका या सर्वांनी वारंवार ऐकावेत व त्यांवर चिंतन करावे, अशी इच्छा व्यक्त करतो. या सातांपैकी काहींची ओळख पटविण्याबाबत विद्वानांत मतभेद आहेत. पण उपासिकांचाही श्रोत्यांत स्पष्ट निर्देश आहे, याबद्दल मतभेद नाही.

मग बुद्धवचन लिहिले का गेले? कारण स्मृती कितीही बळकट असली तरी ती देहावर अवलंबून असते. इ.स.पू. पहिल्या शतकात वट्टगामणी अभयाच्या राजवटीत सिंहलद्वीपात त्रिपिटक व अट्ठकथा लिपिबद्ध करण्यात आल्या. परंपरेने ते स्थळ मातले येथील आलोकविहार मानले जाते. त्या काळच्या दुष्काळाच्या ज्या कथा अट्ठकथांत आल्या आहेत त्या वाचताना मन हेलावते. साठ भिक्षू कंदमुळे व पाने खाऊन दिवस काढीत होते. अंगात त्राण होते तोवर ते बसून पाठ करीत, आणि बसण्याचीही शक्ती उरली नाही तेव्हा वाळूचे ढीग करून, डोकी एकत्र टेकवून, पडल्या पडल्या पाठ चालू ठेवीत. समन्तपासादिकेतील दुसरी कथा अधिक बोचरी आहे. महानिद्देस हा ग्रंथ एका काळी एकाच भिक्षूला मुखोद्गत उरला होता, आणि तो भिक्षू शीलाने चांगला नव्हता. त्याच्याकडून शिकण्यास महारक्खित थेरांचे मन घेईना. परंतु ग्रंथ नष्ट होईल म्हणून आचार्यांच्या आग्रहावरून त्यांनी तो शिकून घेतला. ग्रंथाचे अस्तित्व एकाच कंठावर येऊन ठेपणे म्हणजे काय, हे या कथेवरून कळते. तरीही लेखन सर्वत्र लगेच रुजले नाही. पाचव्या शतकाच्या आरंभी चिनी भिक्षू फाहियान विनयाच्या प्रती शोधत भारतात आला, तेव्हा उत्तरेकडे आचार्य तो मुखानेच शिकवीत असल्याने नकलून घ्यायला पोथीच नाही, असे त्याला आढळले. पोथी मिळाली ती पुढे पाटलिपुत्रास.

मराठी वाचकापर्यंत बुद्ध पोहोचला तो मात्र छापखान्यातून. धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांना गोव्यात असताना ‘बालबोधमेवा’ या मिशनऱ्यांच्या मुलांसाठीच्या मासिकातून बुद्धचरित्राची पहिली ओळख झाली, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. त्याच सुमारास, १८९८ साली, कृष्णराव अर्जुन केळुसकरांचे ‘गौतम बुद्धाचे चरित्र’ प्रसिद्ध झाले. ते केळुसकरांनी शालेय वयातील भीमरावांना भेट दिले, ही हकीकत सर्वज्ञात आहे. याच आठवणीच्या ओघात बाबासाहेबांनी सांगितलेली दुसरी गोष्ट मात्र आपण सहसा उद्धृत करीत नाही. त्यांचे वडील सुभेदार रामजी त्यांना महाभारत व रामायण मोठ्याने वाचायला लावीत, आणि ऐकायला बहिणी व कथेसाठी घरी जमणारी इतर मंडळी असत. हे वर्षानुवर्षे चालले होते. विसाव्या शतकातील भारताचा हा सर्वांत मोठा ग्रंथप्रेमी बालपणी इतरांसाठी मोठ्याने वाचणारा वाचक होता. त्या ग्रंथांतील आशय त्यांना पटला नाही आणि त्यांनी वडिलांना तसे विचारलेही. पण प्रश्न विचारण्याची संधी त्या मोठ्याने वाचण्यातूनच आली.

बाबासाहेबांच्या नियतकालिकांचा वाचकवर्गही याच प्रकारचा होता. ‘मूकनायक’ (३१ जानेवारी १९२०), ‘बहिष्कृत भारत’ (३ एप्रिल १९२७), ‘जनता’ (२४ नोव्हेंबर १९३०) आणि ‘प्रबुद्ध भारत’ (४ फेब्रुवारी १९५६) यांच्या छापील प्रतींची संख्या मोजून त्यांचा प्रभाव मोजता येत नाही. चाळीत किंवा वस्तीत एक अंक यायचा, शिकलेला एक मुलगा तो वाचायचा आणि भोवती बसलेली माणसे ऐकायची. जे अंकात मावत नव्हते ते आंबेडकरी जलशांनी गावोगाव पोहोचविले; भीमराव कर्डकांचे त्यातील कार्य आपणांस ठाऊक आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे झालेला धम्मस्वीकारही शब्द उच्चारूनच झाला. भदन्त चंद्रमणी यांनी त्रिशरण-पंचशील दिले, बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा सांगितल्या आणि लक्षावधी कंठांनी त्या उच्चारल्या. कोणाला कागदावर सही करावी लागली नाही. केली असती तरी ती बहुतेकांच्या अंगठ्याचीच झाली असती.

हे अतिशयोक्तीने म्हणत नाही. १९६१ च्या जनगणनेत देशातील अनुसूचित जातींची साक्षरता १०.२७ टक्के होती, आणि स्त्रियांची अवघी ३.२९ टक्के. महाराष्ट्रात बौद्ध म्हणून नोंदविलेल्या सुमारे २८ लाख लोकांची गणना या आकड्यात नाही, हे खरे. पण ते याच सामाजिक स्तरातून आले होते. मराठवाड्याची स्थिती आणखी बिकट होती. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता, तेथे राज्यकारभाराची व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. मराठी मुद्रणाला पुण्यामुंबईस जो आश्रय मिळाला तो इकडे मिळाला नाही. १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने तेव्हाच्या औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. त्याला पुढे ‘मिलिंद’ हे नाव मिळाले ते राजा मिलिंदाचे, म्हणजे पुन्हा एका प्रश्नकर्त्याचे. या महाविद्यालयातून मराठवाड्यातील दलित समाजाची ग्रंथ वाचणारी आणि लिहिणारी पहिली मोठी पिढी बाहेर पडली.

‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला, तो इंग्रजीत. घनश्याम तळवटकर, म. भि. चिटणीस व शां. शं. रेगे यांनी केलेला मराठी अनुवाद आला १९७० साली. म्हणजे धम्म स्वीकारल्यानंतर जवळपास चौदा वर्षे महाराष्ट्रातील सामान्य बौद्ध माणसाजवळ त्याचा मूलाधार ग्रंथ त्याच्या भाषेत संपूर्ण नव्हता. आणि आला तेव्हाही घरातील प्रत्येकाला तो वाचता येत नव्हता. या अडचणीतून जी प्रथा उभी राहिली ती म्हणजे वर्षावासातील ग्रंथवाचन. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात रोज संध्याकाळी ग्रंथाचा एक भाग वाचायचा, हा क्रम आज महाराष्ट्रभर रूढ आहे.

प्रस्तुत लेखकाने ही बैठक केदारखेड्याच्या परिसरात लहानपणापासून पाहिली आहे. दिवसभर कपाशीत किंवा मक्यात निंदणी करून आलेल्या बाया, हातपाय धुऊन, लेकरे मांडीवर घेऊन बसत. त्रिशरण-पंचशील झाले की एखादा शिक्षक किंवा महाविद्यालयात जाणारा मुलगा वाचायला बसे. वाचणारा अडखळला तर मागून कोणीतरी वाक्य पुरे करी, आणि ते पुरे करणाऱ्या बाईला बहुधा अक्षर ओळखता येत नसे. तिने ते वाक्य मागील वर्षी आणि त्यामागील वर्षी ऐकलेले असे. वीज गेली की वाचन थांबे आणि चर्चा सुरू होई. खरे तर कित्येकदा वाचनापेक्षा वीज गेल्यावरचा अर्धा तासच मोलाचा असे. यशोधरेला न उठविता सिद्धार्थ गेला काय, या प्रश्नावर शाक्य संघ व रोहिणीच्या पाण्याचा तंटा हे बाबासाहेबांचे विवेचन वाचले गेले, तेव्हा पाण्याचा तंटा म्हणजे काय हे त्या श्रोत्यांना कोणी समजावून सांगावे लागले नाही.

या बायांना निरक्षर म्हणता येईल. अशिक्षित म्हणता येणार नाही. पालि परंपरेत त्यांना एक थोर पूर्वसूरी आहे. कौशाम्बीच्या राणी सामावतीची दासी खुज्जुत्तरा भ. बुद्धांचे प्रवचन ऐकून येई आणि राजवाड्यातून बाहेर पडण्याची मुभा नसलेल्या स्त्रियांना ते जसेच्या तसे सांगे. इतिवुत्तक हा ग्रंथ तिने ऐकून जपलेल्या सुत्तांचा आहे, असे अट्ठकथा सांगते. आणि अंगुत्तर निकायात बहुस्सुत उपासिकांमध्ये तिला अग्रस्थान दिले आहे. एका दासीच्या कानांनी आणि स्मृतीने जगाला एक ग्रंथ दिला.

आता गेल्या तीस वर्षांतील बदलाकडे वळू. त्रिपिटकाची नागरी आवृत्ती भिक्षू जगदीश काश्यप यांच्या संपादकत्वाखाली नालंदा येथून १९५६ ते १९६१ या काळात ४१ खंडांत निघाली. आमच्या गुरुजनांच्या पिढीला ते खंड पाहण्यासाठी विद्यापीठाच्या ग्रंथालयात जावे लागे, आणि खंड जागेवर असेलच अशी खात्री नसे. १९९० च्या दशकात इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने छट्ठ संगायनाची आवृत्ती नागरी लिपीत छापली, आणि त्याच दशकात ती सीडीवर उपलब्ध केली. आज ती इंटरनेटवर आहे आणि भोकरदनच्या बसस्थानकावर उभा असलेला विद्यार्थी हातातल्या मोबाईलवर कोणत्याही निकायातील कोणताही शब्द क्षणात शोधू शकतो. बाबासाहेबांचे महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रकाशित केलेले खंडही पीडीएफ स्वरूपात सर्वत्र फिरत आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीबरोबर पालिलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या भाषेचे संपूर्ण पिटक खेड्यात पोहोचण्याची सोय मात्र त्याआधीच झालेली होती.

यामुळे छापील ग्रंथाची मागणी संपली काय? तसे दिसत नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांपुढील गर्दी ज्याने पाहिली आहे त्याला हे सांगावे लागणार नाही. शासकीय खंडांची छपाई रखडल्याच्या वृत्ताची २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली, यावरूनही या छापील खंडांची निकड लक्षात येते. पीडीएफ हा शोधण्यासाठी उत्तम आणि सलग वाचण्यासाठी कठीण आहे. छापील ग्रंथ घरातील एखाद्या जागी राहतो. लहान मूल त्याला हात लावते, वडीलधारी माणसे तो हाताळून ठेवतात. ही गोष्ट क्षुल्लक नाही.

ध्वनिपुस्तकांचे युग मराठीत व्यापारी स्वरूपात स्थिरावले ते स्टोरीटेल ही स्वीडिश कंपनी २०१७ साली भारतात आल्यापासून. त्याआधी दृष्टिहीन वाचकांसाठी ग्रंथ ध्वनिमुद्रित होत होतेच, आणि आपल्या समाजात वामनदादा कर्डकांच्या गीतांपासून परित्राणपाठापर्यंत कितीतरी मजकूर कॅसेटवरून घरोघर गेला होता. आता यूट्यूबवर बाबासाहेबांच्या धम्मग्रंथाची, धम्मपदाची, जातककथांची वाचने आहेत. ज्या बाईला विहारातील वाचनासाठी वर्षावासाची वाट पाहावी लागे, तीच बाई आज भाकरी थापताना तो ग्रंथ ऐकू शकते. हा लाभ लहान नव्हे, आणि ज्याला मुळातच वाचता येते त्याने तो तुच्छ ठरवू नये.

मला चिंता वाटते ती वेगळ्याच कारणासाठी. यंत्रातील आवाजाला थांबवता येते, पण प्रश्न विचारता येत नाही. विहारातील बैठकीत श्रवणाबरोबर परिपुच्छा होती, शंका होती, मागील वर्षीच्या वाचनाची आठवण होती, शेजारणीचा विरोध होता. एकट्याच्या कानात चाललेल्या वाचनात यांतील काहीच नसते. केदारखेड्याकडील वर्षावासाच्या बैठकांत हल्ली म्हातारी माणसेच अधिक दिसतात. तरुणांचे म्हणणे असे की ‘आम्ही ते मोबाईलवर ऐकतो’. ते खोटे बोलतात असे नाही. बावरीच्या शिष्यांनाही बुद्धवचन कोणाकडून तरी ऐकता आले असतेच. तरी ते तेवढे अंतर चालून गेले, कारण त्यांना विचारायचे होते.

दुसरे असे की, आवाजात मोहिनी असते. विनयाच्या चुल्लवग्गात व अंगुत्तर निकायात लांबलचक गायनी स्वरात धम्म म्हणण्याचे पाच दोष सांगितले आहेत: म्हणणारा स्वतःच्याच स्वरावर आसक्त होतो, ऐकणारे त्या स्वरावर आसक्त होतात, गृहस्थ टीका करतात, स्वर साधण्याच्या नादात समाधी भंगते, आणि मागून येणारे तेच अनुकरण करतात. याच्या उलट, अवन्तीहून आलेल्या सोण कुटिकण्णाने अट्ठकवग्ग म्हणून दाखविला तेव्हा भ. बुद्धांनी त्याच्या स्पष्ट, निर्दोष, अर्थ कळेल अशा वाणीची प्रशंसा केली. स्वर निषिद्ध नाही. अर्थ झाकणारा स्वर निषिद्ध आहे. आज धम्मग्रंथाच्या ध्वनिमुद्रणाखाली बासरी आणि तबल्याचे जे पार्श्वसंगीत घातले जाते, ते ऐकताना मला हे पाच दोष एकेक करून आठवतात.

तिसरी आणि सर्वांत गंभीर गोष्ट म्हणजे निर्नायकी वचने. व्हॉट्सॲपवर रोज सकाळी भ. बुद्धांच्या किंवा बाबासाहेबांच्या नावाने सुंदर चित्रासह जी वाक्ये येतात, त्यांतील कितीतरी त्यांच्या कोणत्याही ग्रंथात सापडत नाहीत. आता तीच वाक्ये कोणाच्या तरी भारदस्त आवाजात ध्वनिफिती होऊन येऊ लागली आहेत. या संकटाचा विचार महापरिनिब्बान सुत्तात आधीच झालेला आहे. चार महापदेसांचा आशय असा की, कोणी म्हणाला ‘हे मी साक्षात भगवंतांच्या मुखातून ऐकले आहे’, किंवा संघाकडून, अनेक थेरांकडून, एका विद्वान थेराकडून ऐकले आहे, तरी ते लगेच स्वीकारू नये आणि लगेच झिडकारूही नये; शब्द नीट लक्षात घेऊन सुत्ताशी व विनयाशी ताडून पाहावेत. संपूर्ण परंपरा श्रवणावर उभी असताना ऐकीव गोष्टीवर इतका कडक पहारा बसविला गेला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. कालामांना दिलेल्या उपदेशातही परंपरेने ऐकलेले आणि ग्रंथात आलेले, या दोहोंनाही केवळ तेवढ्यावरून प्रमाण मानू नये, असे सांगितले आहे.

ताडून पाहायचे तर ठिकाण सांगता आले पाहिजे. रंगून येथे १९५४ ते १९५६ या काळात भरलेल्या छट्ठ संगायनात छपाईसाठी सिद्ध केलेला पाठ पुन्हा मुखाने म्हणून तपासण्यात आला. मुद्रणाच्या युगातही कंठ आणि कागद एकमेकांचे साक्षीदार राहिले. बाबासाहेबांनी आपल्या धम्मग्रंथाची आठ खंडांत रचना करून प्रत्येक प्रकरणातील वाक्यांना क्रमांक दिले आहेत. विहारात वाचणारा ‘काल आपण अमुक क्रमांकावर थांबलो’ असे म्हणून पुढे जातो, आणि कोणाला शंका आली तर तेवढेच वाक्य पुन्हा वाचता येते. ध्वनिमुद्रण करताना हे क्रमांक रसभंग करतात म्हणून गाळण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. इगतपुरीच्या संगणकीय आवृत्तीत म्यानमारची, थायलंडची, लंडनच्या पालि टेक्स्ट सोसायटीची आणि खुद्द विन्यासाची अशा चारही छापील आवृत्त्यांचे पृष्ठांक मजकुरातच दिलेले आहेत. त्यामुळे पडद्यावर वाचणारा अभ्यासक हवे तेव्हा छापील पानावर जाऊ शकतो. ध्वनिपुस्तकातही प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी खंड, भाग व क्रमांक स्पष्ट उच्चारावेत, अनुवादकाचे नाव व प्रकाशनवर्ष सांगावे, आणि वर्षावासातील वाचन जेथे चालू आहे तेथे ऐकणाऱ्याने आपली शंका तो क्रमांक सांगून विहारात मांडावी.